नवसाची खूण

(देवापुढे आपली आठवण राहावी किंवा बोललेला नवस फेडावा म्हणून लाकडाची, दगडाची अथवा धातूची वस्तू अर्पण करण्याची रीत जगात फार जुनी आहे. प्रस्तुत पाठात पालघर जिल्ह्यातील वाघोबाची फळी, प्राचीन इराकमधील दगडी मूर्ती आणि नालासोपारा येथील स्तूप यांची ओळख करून दिली आहे. लेखकाने आपल्या लहानपणी घडलेल्या एका चुकीपासून पाठाची सुरुवात केली आहे.)

मी तेव्हा सातवीत होतो. आम्ही बोईसरला राहत होतो. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. आमच्या घरी उर्दू बोलत आणि माझी शाळाही उर्दू माध्यमाची होती. मला मराठी वाचता येत असे. पण बोलताना जीभ अडखळायची.

एका रविवारी मी आणि माझा मित्र सायकली घेऊन चिल्हारच्या रस्त्याने निघालो. कारखान्यांची धुराडी मागे पडली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि सागाची झाडे लागली. ऊन वाढले, तशी आम्हांला तहान लागली. एका झाडाखाली आम्ही थांबलो. झाडाच्या बुंध्याशी गुडघ्याएवढी उंच लाकडी फळी जमिनीत रोवलेली होती. तिला शेंदूर फासलेला होता. मी तिला सायकल टेकवली आणि पाणी पिऊ लागलो.

एवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी बाई समोरून आली. आम्हांला पाहताच ती मोठ्याने म्हणाली, “पोरा, सायकल काढ तिथून! वाघोबा बसलाय!”

आम्हांला फक्त ‘वाघ’ एवढाच शब्द कळला. माझा मित्र सायकल तिथेच टाकून पळत सुटला. माझे पाय मात्र जागचे हलेनात. म्हातारीने भारा खाली ठेवला आणि ती पोट धरून हसली. मग तिने मला जवळ बोलावले आणि त्या फळीकडे बोट दाखवले. मी वाकून पाहिले. शेंदराखाली एक वाघ कोरलेला होता. त्याच्या वर एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्र होता.

मी घाईघाईने सायकल बाजूला घेतली आणि विचारले, “आजी, हे कोणी ठेवले?”

“माझ्या सासऱ्यानं,” ती म्हणाली. “त्याचा नवस होता.”

‘नवस’ हा शब्द मला माहीत नव्हता; पण तिने सांगितलेली गोष्ट समजली. तिच्या सासऱ्याचा लहान मुलगा गुरे चारायला रानात गेला होता. संध्याकाळी गुरे परत आली, मुलगा आला नाही. त्या दिवसांत वाघाने वाडीतले एक वासरू नेले होते. साऱ्या वाडीने रात्रभर मशाली घेऊन शोध केला. तेव्हा बाप या झाडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, “माझा पोरगा घरी येऊ दे. मी तुला इथे बसवीन.” दुसऱ्या दिवशी मुलगा सापडला. तो वाट चुकून एका झाडावर चढून बसला होता. पुढच्या पौर्णिमेच्या आत बापाने सागाचे लाकूड आणले, पटाशीने वाघ कोरला आणि ही फळी रोवली.

“तो पोरगा म्हणजे माझा नवरा,” म्हातारी म्हणाली आणि भारा उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी मराठीच्या सरांना विचारले, “सर, नवस म्हणजे काय?”

सर म्हणाले, “तुम्ही घरी ‘मन्नत’ म्हणता ना, तोच नवस. पण मराठीत त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे लक्षात ठेवा. नवस बोलतात आणि नवस फेडतात. मराठीत आणखी काय फेडतात?”

“कर्ज,” कोणीतरी उत्तर दिले.

“बरोबर. कर्ज फेडतात आणि नवसही फेडतात. म्हणजे नवस हे शब्दाचे कर्ज आहे.”

सरांचे हे वाक्य मी कधी विसरलो नाही.

मुलांनो, आपल्या पालघर जिल्ह्यात वाघोबाची अशी ठाणी पुष्कळ आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी जमाती वाघोबाला मानतात. गावाच्या शिवेवर, रानाच्या कडेला, मोठ्या झाडाखाली त्याची फळी किंवा दगड असतो. त्यावर बहुधा वाघाबरोबर सूर्य-चंद्रही कोरलेले असतात. दिवाळीच्या सुमारास वाघबारस येते. त्या दिवशी गावकरी एकत्र जमतात, शेंदूर लावतात, नारळ आणि कोंबडे देतात. वाघाने माणसांना आणि गुरांना सांभाळावे, अशी ते त्याच्याकडे मागणी करतात. आज आपल्या जिल्ह्यात पट्टेरी वाघ राहिलेला नाही; पण बिबट्या आहे. इथले लोक बिबट्यालाही वाघच म्हणतात. म्हणून वाघोबा ही केवळ जुन्या काळातली गोष्ट नाही. ज्या घराच्या अंगणात रात्री बिबट्या येऊन जातो, त्या घराला वाघोबा जवळचा वाटतो.

आता आपण बोईसरहून फार दूर जाऊ. मी मोठा होऊन इतिहासाचा शिक्षक झालो. एकदा वर्गात मेसोपोटेमियाचा धडा शिकवायचा होता. त्याची तयारी करताना एका पुस्तकात मला एक छायाचित्र दिसले. त्यात दगडाच्या बारा मूर्ती ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांचे हात छातीशी जोडलेले आणि डोळे खूप मोठे होते. ते डोळे मिटतच नसावेत असे वाटत होते.

मेसोपोटेमिया म्हणजे दोन नद्यांमधला प्रदेश. या नद्या म्हणजे तायग्रिस आणि युफ्रेटिस. उर्दूत आपण त्यांना दजला आणि फुरात म्हणतो. आजच्या इराकचा बराचसा भाग या प्रदेशात येतो. बगदादच्या ईशान्येला दियाला नदीच्या खोऱ्यात ‘तल अस्मर’ नावाचे ठिकाण आहे. अरबी भाषेत ‘तल’ म्हणजे टेकाड. या टेकाडाखाली एश्नुन्ना हे प्राचीन शहर गाडले गेले होते. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने तेथे उत्खनन केले. हेन्री फ्रँकफर्ट हे त्या कामाचे प्रमुख होते. १९३३-३४ च्या हंगामात एका मंदिराच्या जमिनीखाली त्यांना या बारा मूर्ती एकत्र पुरलेल्या सापडल्या. त्यांत दहा पुरुष आणि दोन स्त्रिया आहेत. सर्वांत मोठी मूर्ती सुमारे ७२ सेंटिमीटर उंच आहे. बहुतेक मूर्ती जिप्सम या मऊ दगडाच्या आहेत. डोळ्यांचा पांढरा भाग शिंपल्याचा आहे, तर बहुतेकांच्या बाहुल्या काळ्या दगडाच्या आहेत. हे तुकडे डांबराने पक्के बसवलेले आहेत. या मूर्ती साडेचार हजार वर्षांहून अधिक जुन्या आहेत.

या मूर्ती कोणाच्या आहेत? पहिल्यांदा काही अभ्यासकांना त्यांतील दोन मोठ्या मूर्ती देवांच्या असाव्यात असे वाटले होते. आता बहुतेक अभ्यासक म्हणतात की, या देवाच्या नव्हे, तर भक्तांच्या मूर्ती आहेत. माणसाला दिवसभर मंदिरात उभे राहता येत नाही. त्याला शेत नांगरायचे असते, बाजारात जायचे असते, मुलांना सांभाळायचे असते. म्हणून तो आपल्या जागी एक मूर्ती ठेवून जात असे. तो घरी झोपला तरी मूर्ती हात जोडून जागी राही. मेसोपोटेमियातील अशा कितीतरी मूर्तींवर ती देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. आपल्याला आयुष्य लाभावे, बायकामुलांना आयुष्य लाभावे, अशी मागणीही काही ठिकाणी लिहिलेली आहे.

केवळ सामान्य माणसेच नव्हे, तर राजेही असे करीत. लगश येथे गुडिया नावाचा राज्यकर्ता होऊन गेला. त्याचा काळ इ. स. पूर्व २१०० च्या आसपासचा. त्याने स्वतःच्या अनेक मूर्ती घडवून मंदिरांत ठेवल्या. त्यासाठी लागणारा काळा, कठीण दगड त्याने समुद्रमार्गे मगन देशातून, म्हणजे आजच्या ओमानच्या बाजूने आणवला. एका मूर्तीवरील लेखात तर राजा आपल्या मूर्तीलाच आज्ञा करतो की, माझे म्हणणे देवाला सांग. त्यांपैकी बऱ्याच मूर्ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

तल अस्मरच्या मूर्ती जमिनीखाली का पुरल्या असतील? मंदिर पुन्हा बांधताना जुन्या मूर्ती काढाव्या लागल्या असतील. पण त्या फेकून देणे पुजाऱ्यांना योग्य वाटले नसेल. जे एकदा देवाला दिले, ते कचऱ्यात कसे टाकायचे? म्हणून त्यांनी त्या मंदिरातच जमिनीच्या पोटात ठेवल्या असाव्यात.

वाघोबाची फळी आणि तल अस्मरची मूर्ती यांत एक मोठा फरक आहे, हे विसरू नका. तल अस्मरला माणसाने स्वतःची मूर्ती देवापुढे ठेवली. आपल्याकडे माणसाने वाघोबाचीच मूर्ती करून रानाच्या तोंडाशी बसवली. एकाने स्वतःला देवाच्या घरात नेले, तर दुसऱ्याने देवाला आपल्या शिवेवर आणले. परंतु दोघांची अडचण एकच होती. तोंडाने बोललेला शब्द दिसत नाही आणि टिकत नाही. म्हणून दोघांनीही आपल्या शब्दाची खूण करून ठेवली.

अशी खूण शोधायला दरवेळी इराकला जायला नको. बोईसरहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि विरारनंतरच्या नालासोपारा स्थानकावर उतरा. सोपारा हे एके काळी मोठे बंदर होते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे येथे मिळाले आहेत. सोपाऱ्याजवळ ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे एक टेकाड होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडाची एक मोठी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडा होता आणि त्याच्याभोवती धातूच्या आठ लहान बुद्धमूर्ती ठेवलेल्या होत्या. तांब्याच्या करंड्यात चांदीचा आणि त्याच्या आत आणखी लहान करंडे होते. अगदी आत सोन्याचा करंडा होता. त्यात काय असेल? सोन्याची फुले होती आणि मातीच्या भांड्याची बारीक बारीक खापरे होती!

बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती खापरे कोणीतरी श्रद्धेने जपली होती. त्या आठ मूर्ती स्तूपापेक्षा कितीतरी नंतरच्या, म्हणजे इ. स. च्या आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत. याचा अर्थ असा की, शेकडो वर्षांनी कोणीतरी तो स्तूप उघडला, त्यात नवी भेट ठेवली आणि तो पुन्हा बंद केला. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळे जुने झाले. पण आजही माणसे आपल्या शब्दाची खूण ठेवतात. दर्ग्यात कोणी मन्नतीचा धागा बांधतो, कोणी चादर चढवतो. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, लहान घरे विकत घेऊन अर्पण करतात. ज्याचा पाय दुखतो, तो मेणाचा पाय देतो. डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेत नवस फेडायला दुरून माणसे येतात. प्रत्येकाचा विश्वास वेगळा असतो. तुमचा विश्वास माझ्यासारखा असला पाहिजे, असे कोणी कोणाला म्हणू नये. परंतु खुणेमागे कोणाचा तरी आजार, कोणाची तरी भीती, कोणाचे तरी हरवलेले मूल असते, एवढे आपण ओळखले पाहिजे.

ते ओळखले नाही, तर फार नुकसान होते. एप्रिल २००३ मध्ये युद्धाच्या गोंधळात बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. हजारो वस्तू नाहीशा झाल्या. त्यांत लगशचा राजा एंटेमेना याची काळ्या दगडाची मूर्तीही होती. तिला डोके नाही. पण अंगावर लेख आहे. चोरांना तिच्यात फक्त पैसा दिसला. २००६ साली ती परत मिळाली आणि २०१० साली इराकला पोहोचली. अनेक वस्तू मात्र अजूनही परत आलेल्या नाहीत. रानातल्या फळीला तर संग्रहालयही नसते आणि पहारेकरीही नसतो. तिला सांभाळणारी फक्त माणसे असतात.

काही वर्षांपूर्वी मी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. आता रस्ता रुंद झाला होता. मोठमोठे ट्रक धावत होते. ते झाड दिसेना. मी गाडी थांबवून एका माणसाला विचारले. त्याने मला रस्त्यापासून वीस-पंचवीस पावले आत नेले. तेथे दुसऱ्या झाडाखाली वाघोबा होता. रस्त्याचे काम निघाले, तेव्हा वाडीतली माणसे जमली होती. त्यांनी भगताला विचारले, पूजा केली आणि मगच फळी उचलली. हा माणूस त्या म्हातारीचा नातू होता. आजी आता राहिली नव्हती.

झाडाखाली मला एक नव्हे, तर दोन फळ्या दिसल्या. एक नवी होती. तिच्यावरचा वाघ स्पष्ट दिसत होता. दुसरी तीच जुनी होती. तिला वाळवी लागली होती आणि वरचा चंद्र झिजून गेला होता.

“नवी बसवली, मग जुनी काढली का नाही?” मी विचारले.

तो म्हणाला, “ती आजोबांच्या बापाची आहे. फळी मोडली म्हणून शब्द मोडतो काय?”

मी त्याला तल अस्मरच्या बारा मूर्तींची गोष्ट सांगितली. त्यांचे मोठे डोळे, जोडलेले हात, मंदिराच्या जमिनीखालची जागा, सगळे सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, “त्यांचाही पोरगा रानात हरवला होता काय? सापडला का मग?”

मला उत्तर देता आले नाही. साडेचार हजार वर्षे त्या मूर्ती हात जोडून उभ्या आहेत. पण त्यांनी काय मागितले आणि ते त्यांना मिळाले की नाही, हे त्या सांगत नाहीत. इथे मात्र मला ते ठाऊक होते. मुलगा सापडला होता. त्याचा नातू माझ्यासमोर उभा होता.

निघताना मी मोटारसायकलकडे गेलो. ती मी रस्त्याच्या पलीकडे, झाडापासून चांगली लांब उभी केली होती.

शब्दार्थ

नवस – मन्नत
नवस फेडणे – मन्नत पूरी करणे
खूण – निशानी
अर्पण करणे – नज़र करणे, भेट देणे
शेंदूर – देवाला लावायचा केशरी-लाल रंग
भारा – गवताचा किंवा लाकडांचा गठ्ठा
पटाशी – लाकूड कोरण्याचे सुताराचे हत्यार
ठाणे – देवाची बैठक, मुक्काम
शीव – गावाची सीमा, सरहद
भगत – आदिवासींमध्ये देवाची पूजा करणारा जाणता माणूस
उत्खनन – जुन्या वस्तू शोधण्यासाठी केलेली खुदाई
स्तूप – पवित्र अवशेषांवर बांधलेली घुमटासारखी वास्तू
करंडा – झाकण असलेली लहान डबी
भिक्षापात्र – भिक्षा घेण्याचे भांडे
वाळवी – लाकूड खाणारा किडा, दीमक

वाक्प्रचार

पोट धरून हसणे – खूप हसणे
पळत सुटणे – एकदम पळू लागणे
जीभ अडखळणे – बोलताना शब्द नीट न येणे
शब्द मोडणे – दिलेले वचन न पाळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने सायकल कशाला टेकवली?
(आ) फळीवर कोणकोणती चित्रे कोरलेली होती?
(इ) तायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना उर्दूत काय म्हणतात?
(ई) नालासोपारा येथील स्तूप कोणी व केव्हा खणला?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) म्हातारीच्या सासऱ्याने कोणता नवस बोलला होता? तो त्याने कसा फेडला?
(आ) मेसोपोटेमियातील माणसे मंदिरात आपली मूर्ती का ठेवत?
(इ) वाघोबाची फळी आणि तल अस्मरची मूर्ती यांत कोणता फरक व कोणते साम्य आहे?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) “सायकल काढ तिथून!”
(आ) “म्हणजे नवस हे शब्दाचे कर्ज आहे.”
(इ) “फळी मोडली म्हणून शब्द मोडतो काय?”

प्र. ४. ‘नवस बोलणे’, ‘नवस फेडणे’, ‘कर्ज फेडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात लोकांनी श्रद्धेने जपलेली एखादी जुनी वस्तू किंवा जागा आहे का? घरातील वडीलधाऱ्या माणसांना तिच्याविषयी विचारा आणि आठ-दहा ओळी मराठीत लिहा.